आमच्या पोरीसारखी दिसली

मी ड्रमच्या स्टुलावर बसायच्या आधी काकू त्याच्यावर वर्तमानपत्र पसरायच्या.

प्रत्येक सरावाला. बेळगावात कॅम्पमध्ये त्यांचा बंगला. मागच्या अंगाला गाडी ठेवायची मोठी खोली, तिथं आम्ही तिघी वाजवायचो. गिटार आणि गाणं ऋताचं. बेस फिलूचा. ड्रम माझे. म्हणजे वाजवायची मी, मालकीचे ऋताच्या भावाचे. तो परदेशात शिकायला गेला आणि ड्रम धूळ खात पडले होते. ऋताच्या आई, म्हणजे काकू, पहिल्याच दिवशी पेपरची दोन पानं घेऊन आल्या. माझं आडनाव त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. पानं स्टुलावर नीट पसरली, कडा दुमडल्या. म्हणाल्या, "तुला घाम फार येतो ना गं. रेक्झिन खराब होतं."

मला घाम आलाच नव्हता. मी अजून बसलेही नव्हते.

बसले.

सराव संपला की काकू तो पेपर चिमटीत धरून न्यायच्या. शाई माझ्या पँटला लागायची. हॉस्टेलवर पोरी म्हणायच्या, तुझ्या बुडावर बातम्या छापल्यात. मीही त्यांच्याबरोबर हसायचे. घाम येतो खरा, असं मी स्वतःला सांगायचे.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. संध्याकाळी घरी आली की आधी पोटभर खोकायची, मग चूल. बाप हलगी वाजवायचा. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. लग्नाची वरात, कुस्तीचं मैदान, पुढाऱ्याचं स्वागत, कुणाची मयत. बोलवतील तिथं जायचे. आम्ही मांग. आता हे मी एका दमात लिहिते. तेव्हा कॉलेजच्या फॉर्मवर तो रकाना भरताना मी डाव्या हातानं कागद झाकायचे.

हेवी मेटल माझ्या कानावर पडलं ते फिलूच्या घरी. तीही कॅम्पमधलीच, पण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातली. तिचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तरुणपणी ते या असल्या संगीताचे वेडे. त्यांच्याकडं एक जुनी कॅसेट होती. इंग्लंडमधल्या चार बायकांचा बँड. चौघीही बायका, आणि वाजवायच्या असं की फिलूच्या घरचा टेपरेकॉर्डर टेबलावर सरकायचा.

फिलूच्या वडिलांनी त्या चौघींची सगळी कहाणी सांगितली. साध्या घरातल्या पोरी. मोठ्या बँडच्या आधी वाजवायला उभ्या राहिल्या तर समोरचे पुरुष ओरडायचे, कपडे काढा म्हणून. बिअर फेकायचे. कंपनीवाले म्हणायचे, जरा नटा, जरा हसा, गाणी जरा मऊ करा. एकदा केलीही मऊ. चालली नाहीत. मग परत आपलं होतं ते वाजवायला लागल्या. त्यांच्या बरोबरीचे पुरुष मोठे झाले, ह्या तिथंच राहिल्या. कुणी सोडून गेली, कुणी परत आली. त्यांच्यातली एक आजारानं गेली. बाकीच्यांना केस पांढरे होईपर्यंत लहान लहान हॉलमध्ये वाजवावं लागलं, आणि त्यांनी वाजवलं.

"मग त्यांना काय मिळालं?" मी विचारलं.

फिलूच्या वडिलांनी कॅसेट उलटी करून लावली. म्हणाले, "तू ऐकतेयस ना आज? बेळगावात बसून?"

मी हॉस्टेलवर मोबाइलवर त्यांचे जुने व्हिडिओ शोधून काढले. माझी नजर ड्रमवालीवर. ती वाजवताना कुणाकडं बघून हसत नव्हती. मला तेवढंच हवं होतं. कुणाकडं बघून हसायला लागू नये.

आम्ही बँड काढला. नाव फिलूनं ठेवलं, 'गंज'. लोखंडाला चढतो तो. ऋता खरंच चांगली गायची. तिचा आवाज घोगरा, वर चढला की फाटायचा, आणि फाटलेलाच गोड लागायचा. माझ्यावर तिचा जीवही होता. माझ्या वाढदिवसाला तिनं मला ड्रमच्या काठ्या आणल्या होत्या. पण तो पेपर तिनं कधी बघितला नाही. तिच्यासमोर पसरला जायचा, तिच्यासमोर उचलला जायचा. तिला दिसला नाही.

एका रविवारी तिची पुण्याची मावसबहीण आली. मी पण वाजवून बघते म्हणाली आणि धाडकन स्टुलावर बसली. उन्हातून चालत आलेली. पाठ भिजलेली, मानेवरून घाम ओघळतोय. काकू सरबताचा ट्रे घेऊन आल्या. तिच्याकडं बघून हसल्या. "वा! छान जमतंय की." पेपर आणायला कुणी गेलं नाही.

ती उठली. मग काकू आत गेल्या, पेपर घेऊन आल्या आणि माझ्यासाठी पसरला.

त्या दिवशी मला कळलं. म्हणजे आधीपासून कळत होतं ते त्या दिवशी मला नाकारता आलं नाही. आणि तरी मी बसले. बेळगावात मला दुसरीकडं कुठं ड्रम मिळणार होते? पुढं सात-आठ महिने मी त्या पेपरवर बसून वाजवलं. हे लिहिताना काकूंचा राग येतो त्याच्यापेक्षा जास्त मला माझा येतो.

मग तो कार्यक्रम आला. शहराबाहेरच्या एका कॉलेजात मोठं संमेलन होतं. आम्हाला वाजवायला बोलावलं होतं. आमचा पहिला मोठा स्टेज. काकूंनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला नेलं. फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताला हलगीवाले उभे केलेले. चौघंजण, डोक्याला भगवे फेटे. गाडी थांबली, आम्ही उतरलो, आणि मी बघितलं.

त्यातले एक आप्पा होते.

त्यांना ठाऊक नव्हतं मी येणार आहे. मला ठाऊक नव्हतं ते येणार आहेत. मी काळा टीशर्ट घातलेला, डोळ्यात काजळ फासलेलं. तरी त्यांनी लगेच ओळखलं. हात थांबला. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, गळ्यात हलगी. तसेच दोन पावलं पुढं आले. तोंडभर हसले.

"आलीस व्हय गं?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. मग परत माझ्याकडं.

"तुझ्या ओळखीचे आहेत का गं हे?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. एक शब्द. घरी आम्ही न्हाय म्हणतो. मी शुद्ध म्हणाले, 'नाही'.

आप्पांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, काय करावं न कळल्यासारखं. मग त्यांनी मान खाली घातली. काकूंना म्हणाले, "चुकलं बाईसाहेब. आमच्या पोरीसारखी दिसली."

फाटकावरचा माणूस त्यांच्या दंडाला धरून कानडीत ओरडला, "हिंद सर्री, हिंद सर्री!" मागं सरा, मागं सरा. आप्पा मागं सरले. आम्ही आत गेलो. पाठीमागं हलगी परत सुरू झाली. चार हलग्यांतली आप्पांची कुठली, ते मला डोळे मिटूनही कळलं असतं. मला ती ऐकायची नव्हती.

त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं. हे सांगायची लाज वाटते, पण खरं आहे. पोरं बाकांवर चढली. ऋतानं स्टेजवरच मला मिठी मारली. काकूंनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला.

पंधरा दिवसांनी मी निपाणीला गेले. एसटीत बसून सगळं पाठ केलं होतं, काय बोलायचं ते. घरी पोचले तर आई म्हणाली, "तुझा बाप बेळगावला गेलता न्हवं. म्हटलं पोरगीला भेटलासा का? तर म्हणत्यात, कुटली भेटतीया, ती कालेजात, आम्ही रस्त्यावर."

त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आप्पा दारात बसून हलगीचं कडं घासत होते. मी शेजारी बसले.

"आप्पा, त्या दिवशी..."

"कुटल्या दिवशी?"

"फाटकापाशी."

"मला न्हाय बा काय आठवत." त्यांनी कडं उलटं केलं. जरा वेळानं म्हणाले, "मांडवाच्या मागं आम्हास्नी जेवान दिलतं. तितनं ऐकलं तुजं. लई जोरात हाय गं ते. पायानं काय वाजवतीस, धाडधाड?"

मी पत्र्याची पेटी ओढली आणि पायानं वाजवून दाखवलं. ते वाकून माझ्या टाचेकडं बघत राहिले.

"पाय चांगला हाय. हात खांद्यातनं मारतीस. मनगटानं मार. न्हायतर चाळिशीत खांदा जाईल बघ, माज्यासारका."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते उठले. "चहा टाक गं," म्हणून आईला हाक मारून परड्यात निघून गेले. त्यांनी मला बोलू दिलं नाही. मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलं म्हणून बोलू दिलं नाही. आता वाटतं, ते ऐकायची ताकद त्यांच्यात नव्हती. मी बोलले असते तर ते खरं झालं असतं.

दोन महिन्यांत आप्पा गेले. चिकोडीजवळच्या एका गावात लग्नाची वरात होती. भर उन्हात चालताना छातीला हात लावून ते खाली बसले. त्यांच्या जोडीला घुमकं वाजवणारे मारुतीकाका. त्यांनी मला नंतर सांगितलं. काका वाजवायचे थांबले तर नवऱ्याकडचा एकजण म्हणाला, "थांबू नका रं. मुहूर्त टळतोय. त्याला सावलीला बसवा, तुमी वाजवा." काकांनी आप्पांना एका टपरीच्या सावलीला टेकवलं. आणि वाजवत पुढं गेले. वरात देवळापाशी पोचवून पळत परत आले तवर आप्पा गेले होते.

"मी का वाजवत गेलो गं?" मारुतीकाका मला विचारत होते. साठ वर्षांचा माणूस, ढसाढसा रडत होता. "मी थांबलो का न्हाय?"

मी काय सांगणार? मी कुठं थांबले होते?

तेरावं करून मी बेळगावला परत आले. चौथ्या दिवशी सराव होता. पेपर पसरलेला होता. मी बसले. तेवढ्यात बेंगळुरातल्या एका संगीत महोत्सवाचा माणूस आला. आमची निवड झाली होती, त्याला पुस्तिकेत छापायला माहिती हवी होती. ऋताची झाली, फिलूची झाली. माझ्याकडं वळला तर माझ्याआधी काकूच बोलल्या. अगदी मऊ आवाजात.

"हिचे वडील विणकर होते. शहापूरचे. साड्या विणायचे. नुकतेच वारले, बिचारे."

तो माणूस लिहायला लागला.

मी उठले. "ते खोडा. माझा बाप विणकर नव्हता. निपाणीचा हलगीवाला होता. आम्ही मांग आहोत. असं लिहा."

काकूंचा चेहरा लाल झाला. "अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगत होते. लोक कसे असतात, तुला माहीत नाही."

"माहीत आहे. मी इथंच बघितलं."

ऋता पुटपुटली, "आत्ता कशाला हे? बाहेरचा माणूस बसलाय."

"ऋता, हा पेपर कशासाठी असतो गं?"

तिनं स्टुलाकडं बघितलं. पहिल्यांदा बघितलं. मी तिची वाट बघितली. खरंच बघितली. तिनं आईकडं नजर टाकली आणि गिटारच्या तारा पुसायला लागली.

काकू म्हणाल्या, "एवढं लागत असेल तर आमचे ड्रम वाजवू नकोस."

मी काठ्या उचलल्या आणि बाहेर पडले. पेपर तिथंच राहिला. फाटकाबाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळानं फिलू आली, खांद्यावर बेस, हातात वायरीचं भेंडोळं. "वायर गुंडाळत होते," म्हणाली. "ती माझी आहे."

'गंज' तिथं संपला. महोत्सवाला आम्ही गेलो नाही. ऋताचा त्यानंतर एकदाच फोन आला. दोघी रडलो. पण आईला काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढं दीड वर्ष माझ्याकडं ड्रम नव्हते. मी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. पेशंट नसले की मांडीवर बोटं चालायची. मग फिलूच्या वडिलांनी चर्चच्या अडगळीतला एक फुटका सेट मिळवून दिला. आम्ही तो जोडला. नंदगडची एक पोरगी गायला आली. आता परत तिघी आहोत. बँडचं नाव तेच ठेवलं.

लोक सांगतात, हलगी घे स्टेजवर, आजकाल लई चालतं असलं. मी घेत नाही. आप्पांची हलगी मारुतीकाकांकडं आहे. ते वाजवतात. कौतुक मिळवायला मी ती गळ्यात अडकवणार नाही. मी ड्रम वाजवते. मनगटानं.

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यक्रमाचं पोस्टर छापायला दिलं. माझ्या नावाखाली एक ओळ आहे : निपाणीच्या हलगीवाल्याची मुलगी. सभागृहाच्या कमिटीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. बोलणं सज्जनाचं. "ताई, तेवढी ओळ काढली तर बरं. संगीतात जातपात कशाला आणायची?"

मी म्हणाले, "मी आणली नाही. मी बसायच्या आधीच ती पसरलेली असते."

"मग सभागृहाचं आम्हाला बघावं लागेल."

"बघा."

बापाला बाप म्हणायची माझी एक वेळ होती. फाटकापाशी, भर दुपारी, सगळ्यांसमोर. ती मी घालवली. हजार पोस्टरांवर लिहिलं तरी ती परत मिळणार नाही आणि ऐकायला आप्पा नाहीत. हे दुखणं माझ्याबरोबर जाईल. ते कमी व्हावं असंही मला वाटत नाही.

सभागृह नाही दिलं तर रस्त्यावर वाजवू. रस्त्यावरनं हाकललं तर निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोर, बायका सुटायच्या वेळेला वाजवू. ती ओळ मी काढणार नाही. एक अक्षरसुद्धा नाही.