अणुभट्टीच्या यंत्रामागे पारोळ्याच्या पुढे

धुळ्याबाहेर हायवेच्या कडेला ते दिसलं आणि मी गाडीतून अक्षरशः उडीच मारली! गुजरातेतल्या कारखान्यात ज्याची एकेक नळी मी तपासली, ते वाफेचं यंत्र पहिल्यांदाच उघड्या आभाळाखाली पाहत होते. अणुभट्टीतलं तापलेलं पाणी याच्या नळ्यांतून फिरणार, त्या धगीनं बाहेरच्या पाण्याची वाफ होणार आणि त्या वाफेवर वीज. साहेबांच्या खनपटीला बसून मी त्याच्यासोबत दोन दिवस जायची परवानगी मिळवली होती.

यंत्र वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा वेग माणसाच्या चालीएवढा. "ताई, चप्पल मजबूत आहे ना?" ट्रेलरचे मुकादम सलीमभाई हसले. मी हट्टानं चालत राहिले आणि पारोळ्याच्या अलीकडे चपलेचा अंगठा तुटला. मुक्कामाला शेवभाजी एवढी जहाल, की डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एका गावातल्या रस्त्यानं वळवलं. आडव्या गेलेल्या विजेच्या तारा वीज बंद करून उतरवायच्या होत्या. वायरमनची वाट पाहत केळीच्या बागेशी थांबलो. बागेच्या मालकीण अक्कांनी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा पुढे केला.

"इतलं मोठं काय शे हाई?" त्यांनी विचारलं.

मी रंगात येऊन सगळं सांगितलं.

"आनि बठ्ठं (सगळं) बंद पडनं ते?"

"भट्टी बंद केली तरी धग उरते, अक्का. पाणी फिरतंच ठेवावं लागतं. त्याची वेगळी सोय असते."

तेवढ्यात वायरमन आला. या तारांवरची शेतीची वीज तीनपर्यंत असते, ती आज एक वाजताच बंद करतो म्हणाला. अक्का ताडकन उठल्या. "मन्ही केळ निसवेल शे (घड बाहेर पडले आहेत). काल बी लाईट नव्हती. आज पानी नही भेटनं ते घड वाया जाई!"

"पुढचा पूल आपल्याला संध्याकाळपर्यंतच मोकळा आहे," सलीमभाई म्हणाले. "थांबलो तर अख्खा दिवस गेला."

अक्का माझ्याकडे वळल्या. "तुमनी भट्टीनं पानी थांबस नही, मंग मन्ही केळनं का बरं थांबाडतस?"

 मला लाज वाटली. "तीनपर्यंत थांबू या," मी सलीमभाईंना म्हटलं. "उशिराचं कारण मी लिहून देईन." त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

मग काय, मी बागेतच शिरले. ठिबकच्या नळ्यांतून पाणी येतंय का, हे सवयीनं पाहत सुटले. एक तुंबलेली सापडली, ती मोकळी केली, तेव्हा कारखान्यात कधी झाला नाही एवढा आनंद झाला! तीनला वीज गेली, तारा उतरल्या आणि आमचं यंत्र डौलात पलीकडे गेलं. अक्का गावाच्या वेशीपर्यंत सोबत चालल्या. पूल अर्थातच हुकला.

परतल्यावर साहेबांनी उशिराचा अहवाल समोर ठेवला. इतकी वर्षं पाणी अडू नये म्हणून नळ्या तपासल्या, पण ते कुणासाठी तरी वाहतं, हे मला त्या बागेत कळलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'केळीला पाणी चालू होते.'

"हे खोडा," साहेब म्हणाले.

मी त्याच ओळीखाली सही केली.