डाव्या कोपऱ्याचा पोरगा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही — आणि चहाच्या टपरीवर तर नाहीच, जिथं मी एरवी पोटात काही ठेवत नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. आणि एक आधीच बजावतो — मी रडणारबिडणार नाही. तुम्हीही मान हलवून "जाऊ द्या नाना, माणूस चुकतो" असं म्हणायची घाई करू नका. ते मला चालणार नाही.

श्रीगोंद्याच्या रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. शेजारी बबनची टपरी. दोन्हीच्या मध्ये एक बाक आहे आणि आमच्या कबड्डी संघाचे सगळे निर्णय त्या बाकावर होतात. संघ चालवणाऱ्या आप्पांना हे माहीत नसतं, पण होतात. थंडीत आमच्याकडे आठ गावांची स्पर्धा असते. तिला पुण्या-मुंबईच्या मोठ्या संघांची माणसं येऊन बसतात, त्यामुळे पोरं जीव टाकून खेळतात. खेळाडू लिलावात घेत नाहीत, पाळीपाळीने घेतात. मांडवात आठ संघांची जाणती माणसं बसतात आणि एकेक नाव पुकारतात. आदल्या वर्षी जो संघ तळाला, त्याची पहिली पाळी. चार वर्षांपूर्वी तळाला आम्ही होतो. वर्षभर नाक कापून घेतलं, त्याचा तेवढाच मोबदला.

आणि आप्पांनी पहिलं नाव कुणाचं घेतलं? भागवतचं. एकोणीस वर्षांचा, पाथर्डीकडचा, डाव्या कोपऱ्यात उभा राहून पकड करणारा पोरगा. मांडवात सात-आठ चांगले रेडर बसलेले, आणि आमचा संघ घेतो कोण — तर कोपरा!

बाकावर आग लागली. अर्धे आप्पांच्या नावाने खडे फोडत होते, अर्धे त्यांची बाजू घेत होते. बबन भागवतच्या बाजूचा. चहा गाळता गाळता भांडायचा. "नाना, रेडर कुटंबी मिळंल. असा कोपरा सापडायचा न्हाई. पोराचे हात बघितले का तुमी?" मी म्हणायचो, पॉईंट रेडर आणतो. पहिली निवड रेडरचीच हवी. कोपरा दुसऱ्या पाळीला मिळतो, तिसऱ्या पाळीला मिळतो.

हे माझं मत आजही आहे. बोलवा कुणालाही, वाद घालायला तयार आहे. आपली चढाई रिकामी जात असेल तर पकड करून करून किती करणार? तेव्हा माझं मत चुकलं असं मी कबूल करायला बसलोय, असं वाटत असेल तर निराशा होईल तुमची. मत बरोबरच होतं. मग कबूल काय करतोय? थांबा — तिकडेच चाललोय. सरळ जाता येत नाही, एवढंच.

भागवतचे आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दरवर्षी दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून निघायचे, तोही बरोबर असायचा. त्या वर्षी तो पहिल्यांदा मागे राहिला. बापाने मुकादमाला सांगितलं म्हणे, यंदा आमचा अर्धा कोयता कमी धरा, पोरगं खेळायला चाललंय. कोयता म्हणजे तोडणारी जोडी, नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. सगळी टोळी हसली असणार. तरी बापाने पाठवलं. आप्पांच्या खताच्या गोदामात तो झोपायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर असायचा.

त्याचा खेळ मी पहिल्याच दिवशी पाहिला. आता हे नीट ऐका, कारण इथून पुढे मी स्वतःलाही फार वेळा फसवलेलं आहे. याच संघात, याच डाव्या कोपऱ्यात, मी अकरा वर्षं खेळलो. घोट्याची पकड ही माझी ओळख होती. अजून जुनी माणसं "नानांचा घोटा" म्हणतात. मी घोटा धरायचो आणि मग लोंबकळायचो. रेडर मला फरपटत न्यायचा, मागून पोरं येऊन पडायची, तेव्हा कुठे तो बाद व्हायचा. भागवतला लोंबकळावं लागत नव्हतं. रेडरचं वजन ज्या पायावर येणार, तो पाय यायच्या आधीच हा तिथं असायचा. एकटा. बाकीचे उभे राहून बघायचे. बाकावरचा एकजण माझ्यासमोर म्हणाला, "नाना, तुमच्या वरताण हाय की ह्यो!" मी हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

लागलं मनाला? लागलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोराचं लागतं? लागतं. तुम्हाला लागलं नसतं तर तुम्ही थोर आहात.

स्पर्धेला आठवडा राहिला असेल. भर दुपारी, बबन जेवायला घरी गेलेला, बाक रिकामा — आणि भागवत एक पाय अलगद टेकवत दुकानात आला. मैदानाच्या कडेला वेड्या बाभळीचं कुंपण आहे. काटा टाचेत खोल मोडला होता. आप्पांना कळलं तर बाहेर बसवतील म्हणून दोन दिवस दाबून ठेवलेला. "नाना, तुमी कोपऱ्यात खेळल्यालं हाय. तुमाला म्हाईत आसंल." मी त्याचा पाय मांडीवर घेतला. पायांवर ही मोठमोठी भेगाडं, उसाच्या बुडख्यांचे जुने वण. सेफ्टी पिनने चामडी उकलली, चिमट्याने काटा ओढला. पॅच भाजायच्या गरम पाटीवर गुळाचा खडा पातळ केला आणि जखमेवर चटका दिला, माझी आई द्यायची तसा. म्हटलं, तीन दिवस जपून टाक, मग खुशाल उड्या मार. तो जाताना वाकून पाया पडला. मी पाठीवर थाप मारली. मनापासून मारली, खोटं नाही. एकाच माणसात दोन गोष्टी मावतात, हे मला त्या आठवड्यात समजलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर तोच वाद. मी हरत होतो. बबनने सगळे आपल्याकडे वळवले होते. आदल्या संध्याकाळच्या सरावात भागवतने पाच पकडी केल्या होत्या — एका पायावर भार देऊन, जपून, तरी पाच. तेवढ्यात कुणीतरी सहज विचारलं, "पर त्यो पाय का वडतोय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुना खेळाडू मी. पायातलं कळणारा मी.

मी म्हणालो, गुडघा आहे. जुनं दुखणं आहे. पोराने लपवलंय.

बस, एवढंच. इतकं सोपं असतं ते. ठरवून बोललो का? नाही. तोंडातून निसटलं का? तेही नाही — निसटलं असतं तर पुढच्या घोटाला गिळता आलं असतं. बबनचं तोंड उतरलं आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. वाद जिंकल्यावर जसं वाटतं तसं.

संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होतं. रात्रीत माझ्या गुडघ्याला पाय फुटले. मी म्हणालो होतो "जुनं दुखणं", ग्रुपवर त्याचं ऑपरेशन झालेलं होतं. आणि ज्यांनी आठवडाभर आप्पांना शिव्या घातल्या, त्यांना किती हायसं वाटलं म्हणून सांगू! बघा, आम्ही म्हणतच होतो. एकानेही त्या पोराला जाऊन विचारलं नाही, बाबा तुझा गुडघा दुखतो का. पण हे मी त्यांच्या माथी मारायला सांगत नाही. खोटं माझं होतं. त्यांनी ते फक्त आवडीने खाल्लं.

आमच्या स्पर्धेत नियम आहे. सामने सुरू व्हायच्या आधी जायबंदी खेळाडू परत करून, उरलेल्यांतला दुसरा घेता येतो. परत केलेला पोरगा मात्र त्या वर्षी कुणाकडूनच खेळत नाही. आप्पा कच्च्या कानाचे नव्हेत. त्यांनी भागवतच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून आणला. काही दिसलं नाही. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असेल की लिगामेंट एक्स-रेत दिसत नसतं? मीच सांगितलं.

मग आप्पांनी आम्हाला गोदामात बोलावलं. आप्पा, बबन, बाकावरचे चार-पाचजण, मी. खताच्या पोत्यांना टेकून भागवत उभा. तो म्हणत होता, गुडघा नाही, टाचेत काटा होता. त्याने टाच वर करून दाखवली. त्या भेगांत आणि वणांत एका काट्याचं भोक कुणाला दिसणार? आप्पांनी विचारलं, मग काढला कुणी? आणि तो पोरगा — काय सांगू — हसला. सुटलो, असं हसला. माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "नानान्लाच इचारा की. त्येंनीच काडलाय."

सगळे माझ्याकडे वळले. मला वेळ होता. भरपूर वेळ होता. "हो, मीच काढला, माझा अंदाज चुकला" — एवढं म्हणायचं होतं. फार तर बबनने महिनाभर चिडवलं असतं. यापलीकडे माझं काय जाणार होतं?

मी म्हणालो, "कसला काटा?"

हे ते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. गुडघ्याचं खोटं नव्हे — तसली खोटी बाकावर रोज बोलली जातात. हे. त्याने माझं नाव साक्षीला घेतलं आणि मी त्याच्या तोंडावर कसला काटा म्हणालो.

त्याने एकदाही आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, काहीतरी समजत नसल्यासारखा. मग पिशवी भरायला आत गेला. दोन दिवसांनी कळलं, उसाच्या फडावर बापाकडे गेला. पुढच्या वर्षी मांडवात आला होता. आठ संघांनी मिळून शंभरावर नावं घेतली, त्याचं कुणी घेतलं नाही. गुडघेवाला म्हणून. त्यानंतर तो आला नाही.

आणि आमचा संघ? त्याच्या जागी उरलेल्यांतला एक तिशीतला रेडर घेतला, आणि त्याने आम्हाला अंतिम सामना जिंकून दिला. होय, जिंकलो! मी म्हणत होतो तसंच झालं. आप्पांनी मला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. नानांची नजर, म्हणाले. नारळ मी घरी नेऊन फोडला आणि खोबऱ्याची चटणी खाल्ली. घशाखाली गेली. उगाच गेली नाही म्हणून सांगू कशाला?

गेल्या हंगामात दुपारी एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन दुकानासमोर थांबला. मागच्या ट्रॉलीचा टायर बसला होता. चालक खाली उतरला, तो भागवत. अंगाने भरलेला, मिशी ठेवलेली. "बरं हाय का, नाना?" म्हणाला. मी हो म्हणालो आणि जॅक लावायला वाकलो. पाना घेऊन तो माझ्या शेजारी उकिडवा बसला, नट सोडवू लागला. दोन्ही गुडघे पूर्ण मोडून, अर्धा तास. मला ते बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघताही येत नव्हतं.

बबनने त्याला ओळखलं. चहा घेऊन आला, बाकावरचेही जमले. एकजण हळहळत म्हणाला, "आरं, तू त्योच ना? लई भारी पकड हुती गड्या तुजी. गुडघ्यानं घात केला." भागवतने पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतो हा. बोल बाबा, एकदाचं बोल. त्याने चहाचा ग्लास घेतला आणि म्हणाला, "व्हय. गुडघाच हुता."

का म्हणाला? माझी लाज राखायला? मला लाज वाटावी म्हणून? की इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यालाही तेच खरं वाटायला लागलं? मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. त्याचे उपकार मला नको होते, राग आला मला त्याचा. सगळे तिथंच होते — बबन होता, बाक होता, आणि मला तोंड होतं.

बबनने दुसरा ग्लास माझ्यापुढे धरला. मी त्या तोंडाने चहा प्यायलो.