हळदीकुंकवाचे झेंडे

या गं, जरा जवळ सरका. आणि आधी दोन शब्द ऐकून घ्या. ऑस्ट्रेलियाहून येऊन मला आठ दिवस झाले, आणि आपल्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात जी भेटते ती विचारते, "काय आणलंस?" चॉकलेटं आणली होती, ती संपली. कुणी एकीने तरी विचारावं की बाई, तुझी वैशू तिकडे समुद्राकाठी दोन पोरं कशी वाढवते? नाही ना विचारलंत? म्हणून लिहूनच काढते. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं सगळं वैशूच्या पुस्तकांवरून शिकले. त्यामुळे माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. फक्त मध्ये कुणाला तोंड घालता येत नाही.

दिवाळी झाली आणि वैशूचा फोन आला. तिला तिथल्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली होती. पहिले तीन महिने बघणार, मग कायम करणार. जावईबापू चार-चार दिवस दुसऱ्या शहरात कामाला. इरा सात वर्षांची, ओमू दहा महिन्यांचा, आणि पाळणाघरात उन्हाळा संपेपर्यंत जागा नाही. आणि हो, आपली थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. म्हणाली, "आई, तू ये. पोरं अजून कुणावर टाकू?"

हे वाक्य मी पासपोर्टासारखं जपून नेलं.

निघण्याआधी इरासाठी समुद्रात घालायचा पोशाख शिवायचा होता, लांब बाह्यांचा, म्हणजे ऊन लागत नाही. वैशूने फोटो पाठवला. तो घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प पाचला गेले. तिथे आमचा जुना सिंधी शिंपी आहे. फोटो बघून त्याने चष्मा वर केला.

"अम्मा, बन जाएगा. डबल शिलाई मारतो. और एक आपके लिए भी?"

"या वयात? लाज आहे का तुला?"

"समंदर को क्या मालूम उमर?" असं म्हणून मेल्याने माझ्या दंडाला टेप लावलाच. मी त्याच्या हातावर चापट मारून निघाले.

विमानाचं फार सांगत नाही. बसून बसून पाय सुजले, एवढंच. उतरल्यावर बॅगेतला आगरी मसाला मी आपणहून कागदावर लिहून दाखवला. तपासणाऱ्या बाईने पिशवी उघडून वास घेतला आणि अशी शिंकली की मागची रांग दचकली. डोळे पुसत तिने मला अंगठा दाखवला, म्हणजे जा. तिकडे तो अंगठा चांगला असतो.

विमानतळापासून गाव दोन तासांवर. शेवटचं वळण घेतलं आणि रस्त्याच्या टोकाला एकदम समुद्र उभा राहिला. माझ्या आईचं माहेर मिठागरवाल्यांचं, तरी मी मात्र नदीकाठची. खाडी पाहिलेली, नदीत डुंबलेली, पण असा मोकळा, निळा, आवाज करणारा समुद्र रोज दारात बघायची सवय नाही. बैठी घरं, अंगणात लाटांवर खेळायच्या फळ्या वाळत घातलेल्या, आणि दुकानात माणसं अनवाणी! मोठमोठी माणसं, अनवाणी, दूध घेताहेत. मी वैशूला विचारलं, "कुणी गेलं का यांच्या घरचं?" ती इतकी हसली की गाडी थांबवायची वेळ आली.

तिकडे पोर वाढवणं म्हणजे निम्मं काम वाळूशी. पोरं घरात शिरायच्या आधी अंगणातल्या नळीने पाय धुवायचे, तरी वाळू अंथरुणात, ओमूच्या मुठीत, एकदा तर माझ्या भाकरीच्या पिठात. सकाळी शाळेत जाताना तोंडाला उन्हाचं पांढरं मलम फासायचं. नवरीला हळद लावतात तसं मी इराच्या नाकाला लावायची आणि ती कुरकुरायची, "आजी, नोज पुरे झालं." टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत खेळायला सोडत नाहीत, सावलीत बसवतात. डब्यात तांदळाची भाकरी दिली तर पहिल्या दिवशी तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी मी तिचा सुरळीसारखा रोल करून आत ऑम्लेट भरलं. डबा रिकामा. शिवाय मैत्रिणीसाठी एक जास्तीचा द्यायचा हुकूम.

दर शनिवारी सकाळी गावातली पोरं समुद्रावर जमतात. तिथे त्यांना पोहणं, फळीवर झोपून जाणं, कुणी बुडत असेल तर काय करायचं, सगळं शिकवतात. आपल्याकडे पोरांना सायकल शिकवतात तसं. इराचा त्यात फार जीव. पण प्रत्येक पोरामागे घरचं एक माणूस किनाऱ्यावर हवं असा नियम, आणि वैशूची शनिवारी पाळी. म्हणजे मी आले म्हणूनच इराचं शिकणं चालू राहणार होतं.

आता माझी चूक सांगते. लपवत नाही.

पहिल्याच आठवड्यात, बुधवारी, शाळा सुटल्यावर मी दोघांना घेऊन समुद्रावर गेले. ओमू गाडीत, इराच्या अंगात कॅम्प पाचचा पोशाख. बघते तर वाळूत दोन झेंडे, वर लाल, खाली पिवळे. आणि सगळी माणसं नेमकी त्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यात, फेसाळ लाटांत उड्या मारताहेत.

तुम्हीच सांगा, आमचे हे सत्तावीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत कामाला. टँकर रिकामा करताना फाटकाशी लाल झेंडा लावला की रिक्षावालासुद्धा लांब थांबतो. जन्मभर डोक्यात एकच, लाल म्हणजे लांब हो. मला वाटलं, ही माणसं काय जिवावर उदार झालीत का! आणि शंभर पावलांवर बघते तर पाणी कसं शांत, गडद हिरवं, एक लाट नाही.

"चल इरा, आपण तिकडे."

"आजी, नको. फ्लॅगच्या मध्येच जायचं असतं."

"आजीला शिकवू नको."

आईने सांगितलेलं ना, आजीचं ऐकायचं. आली बिचारी. ओमूची गाडी कोरड्या वाळूवर अडकवून ठेवली आणि आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो. आणि पायाखालची वाळू कुणीतरी सतरंजी ओढावी तशी निघून गेली. मी कशीबशी उभी राहिले. इरा बसली, कमरेपर्यंत गेली, आणि पाणी तिला आत न्यायला लागलं. मी तिची बाही धरली. दोन्ही हातांनी. त्या शिंप्याची डबल शिलाई उसवली नाही, म्हणून आज हे लिहितेय.

शिट्टी वाजली. लाल-पिवळी टोपी घातलेली एक बाई धावत आली, माझ्याच वयाची, केस पांढरे, पण पाय हरणाचे. तिने दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं. एका शब्दानेही रागावली नाही. इरापुढे गुडघे टेकून बसली आणि काहीतरी विचारलं. इरा हुंदके देत म्हणाली, "आय टोल्ड हर."

तेवढं इंग्रजी मला येतं. मी सांगितलं होतं तिला, असं म्हणाली पोरगी.

संध्याकाळी वैशूला इरानेच सांगितलं. वैशू ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला चहा करून दिला, ओमूला छातीशी धरून बसून राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आई, तू पोरांना घेऊन घरीच बस. समुद्रावर नको."

"आणि शनिवारचं?"

"बंद करू. नाहीतर मी शनिवारची पाळी सोडते. बघू, ठेवतात का मला."

म्हणजे बघा, मी गेले होते लेकीची नोकरी टिकवायला, आणि माझ्यापायीच ती जायची वेळ आली. ज्या लेकीने "अजून कुणावर टाकू" म्हटलं, तिचा माझ्यावर भरवसा राहिला नाही. दोन दिवस मी भाकऱ्या केल्या, कपडे घड्या केले, पण घरात पाहुणीसारखी वावरले. इरा माझ्याशी बोलेना.

शुक्रवारी दुपारी इरा शाळेतून आली तेव्हा मी परातीत तांदळाचं पीठ घेऊन बसले होते. ओमू पाळण्यात. मी म्हटलं, "इरा, आजीला कुणी शिकवलंच नाही गं समुद्राचं. तू शिकव."

तिने जरा वेळ माझ्याकडे रोखून बघितलं. खरंच विचारतेय की लाडीगोडी लावतेय, ते बघत असावी. मग स्टूल ओढून बसली आणि पिठात बोटाने रेघा मारल्या. "हा बीच. ही वॉटर." आगपेटीतल्या दोन काड्या उभ्या रोवल्या. "हे फ्लॅग. पण रेड-यलो पाहिजे." इकडेतिकडे बघितलं आणि उठून देव्हाऱ्यातला माझा करंडा घेऊन आली. काड्यांना वर कुंकू लावलं, खाली हळद.

मी म्हटलं, "अगं, हे तर हळदीकुंकू!"

"म्हणजे?"

"म्हणजे सवाष्णीला बोलावतात, या, बसा, तुमचं स्वागत आहे. एकटा लाल असेल तर लांब राहायचं. पण लालासोबत पिवळा आला की या म्हणून बोलावणं आहे."

"येस!" इरा ओरडली. "वेलकम फ्लॅग!" दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

मग तिने पिठात फुंकर घालून लाटा केल्या. म्हणाली, जिथे पांढरा फेस तिथे पाणी कमी. जिथे फेस नाही, गप्प हिरवं, तिथे खोल असतं आणि ते आत ओढतं. त्याला ती 'रिप' म्हणाली.

ऐकलं मात्र, आणि माझ्या कानात माझा बाप बोलला. उल्हास नदीवर आम्हा भावंडांना काठावर उभं करून तो बोट दाखवायचा, "फेस दिसतंय ना, तिथं पाय टेकल. गप पानी दिसतंय तिथं जायाचा नाय." अगं, हे मला माहीत होतं! सात वर्षांची होते तेव्हापासून माहीत होतं. डोह कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण परका देश, परका समुद्र आणि एक लाल फडकं बघितलं, आणि बापाचं शिकवणं विसरले.

मागे वैशू उभी होती. कधी आली कळलं नाही. परातीत बघितलं, करंड्याकडे बघितलं. आणि शनिवारी तिने कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि म्हणाली, "चल आई. तूही चल."

वाळूत पोरं ओळीने बसली. मीही सलवार सावरून त्यांच्यात बसले, इराच्या शेजारी. शिकवायला तीच पांढऱ्या केसांची बाई होती, जोन तिचं नाव. तिने समुद्राकडे हात करून विचारलं. इराने माझ्या कानात सांगितलं, "कुठे जायचं नाही, असं विचारतेय." पोरं इकडेतिकडे बघत होती. झेंडे त्या दिवशी दुसऱ्याच जागी होते, ओढही सरकली होती. मी हात वर केला. झेंड्यांपासून डावीकडे, दोन फेसांच्या मधला एक हिरवा पट्टा होता, निरुंद, अगदी गप्प. मी त्याच्यावर बोट रोखलं.

जोनने वाकून माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं. मग म्हणाली, "गुड गर्ल!"

पोरं खिदळली. इरा ताठ बसली आणि सगळ्यांना सांगायला लागली, "शी इज माय आजी." मी वळून वैशूकडे बघितलं. ती ओमूच्या टोपीत तोंड लपवून डोळे पुसत होती.

सोमवारी सकाळी ती कामावर निघाली. दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता, रोजचं सांगावं तसं म्हणाली, "आई, तिला दुपारी नेशील ना? झेंड्यांच्या मध्ये हं."

एवढंच. पण त्या दिवशी माझ्या भाकऱ्या टम्म फुगल्या.

पुढचे अडीच महिने आम्ही रोज गेलो. एकदा सीगलने (समुद्रावरचा पांढरा पक्षी, आपल्या कावळ्याचा सख्खा भाऊ) माझ्या हातातला तळलेला बटाटा पळवला, तेव्हा मी त्याला अशा काही आगरी शिव्या दिल्या की इराने त्या पाठ केल्या. वैशूने दोघींना दम भरला. आणि शेवटच्या आठवड्यात इराने माझा हात धरून मला झेंड्यांच्या मध्ये, छातीभर पाण्यात नेलं. लाट आली की सांगायची, "आता उडी, आजी!" बासष्टाव्या वर्षी मी उड्या मारल्या. वैशूची नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी तीही आमच्यात होती.

बदलापूरला उतरले तेव्हा बॅगेच्या चेनमधून वाळू गळली. मी ती झाडली नाही. हे म्हणाले, "घरभर करशील." म्हटलं, राहू द्या, पोरांची आहे.

काल व्हिडिओ कॉल आला. इराने विचारलं, "आजी, तुझ्या रिव्हरला फ्लॅग आहेत?"

"नाहीत गं."

"मग कुठे जायचं ते कोण सांगतं?"

"मी सांगते."

मागून वैशूचा आवाज आला, "आई, मे महिन्यात आम्ही येतोय. मला सासरी लग्नाची धावपळ आहे. आठ दिवस दोघांनाही तुझ्याकडेच टाकते. नेशील ना नदीवर?"

मी जोरजोरात मान हलवली. आणि आज सकाळी उठून कॅम्प पाचला गेले आणि त्या शिंप्याच्या पुढ्यात दंड धरला. "घे माप. आणि डबल शिलाई मार."

ये गं इरा. काठावर उभी राहून तुला फेस कुठला आणि डोह कुठला ते दाखवीन, माझ्या बापाने दाखवलं तसं. करंडा भरून ठेवलाय, काड्या आपण दोघी मिळून रोवू. मेची वाट कशाला बघतेस? लवकर ये, बाय.