निरोगी माणसांतली एक

"तोल सांभाळणारी इंद्रियं दोन्ही कानांतली गेल्यासारखी दिसतात," नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. काहीच वाटलं नाही. नवऱ्यानं, युसूफनं विचारलं, "खांबावर चढता येईन का, मॅडम?" त्यांनी तपासणीचा कागद पुन्हा पाहिला.

युसूफ भद्रावतीत विजेच्या तारांचं काम करायचा. तापातून उठला त्या सकाळी भिंत धरून खाली बसला. "घर फिरून राह्यलं," म्हणाला. उलट्या थांबल्या, पण चाल सुधारली नाही. चंद्रपुरातून आम्हाला नागपूरला पाठवलं.

तिथे व्हेम्प नावाची तपासणी झाली. पडल्यापडल्या मान उचलून धरायची, मानेला तारा, कानात मोठा आवाज. तोलाचं इंद्रिय शाबूत असेल तर मानेचा स्नायू क्षणभर सैल पडतो आणि पडद्यावरची रेघ हलते. आपल्याला ते कळत नाही. युसूफची रेघ दोन्हीकडे सपाट आली होती.

"यांना लावला तो क्लिकचा आवाज होता, नुसती टकटक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसरा टोन बर्स्ट, म्हणजे जाड सुराचा छोटा तुकडा. कोणता बरा ते आम्ही निरोगी माणसांवर ताडून पाहतोय. तुम्ही याल?"

मी गेले. क्लिकला माझीही रेघ सपाट. आता कोण कुणाला धरणार, एवढंच मनात आलं. भीतीसुद्धा वाटली नाही.

"मी पण बिमार आहो का?"

"नाही. धडधाकट माणसांतही क्लिकला कधी कधी उत्तर येत नाही." मग टोन बर्स्ट लावला. दोन्हीकडे रेघ हलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी युसूफलाही तोच आवाज लावला. डावीकडे काही नाही. उजवीकडे रेघ हलली.

"उजवा कान काम करतोय," त्या म्हणाल्या. "खांबावर नका चढू. चालायला मात्र लागाल."

बोटावर नजर ठेवून मान हलवायचा व्यायाम त्यानं महिनोन्‌महिने केला. आता तो बसून पंख्यांच्या मोटारी भरतो, जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. अंधारात माझा खांदा धरतो.

तुमच्या माणसाची रेघ सपाट आली तर कोणता आवाज लावला होता, ते विचारा. मला विचारायचं सुचलं नव्हतं.

तपासणीच्या त्या बाकावर माझ्याआधी दवाखान्यातला एक शिपाई आणि एक नर्स, निरोगी माणसं म्हणून, दोन्ही आवाज ऐकून गेले होते. मान त्यांचीही दुखली असेल. युसूफ कोण, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.