लिमयेकाकांचं कांचनजुंगा

कार्डिफमधली मराठी माणसं दोनच कारणांनी एकत्र येतात, गणपती आणि डोंगर. गणपतीत भांडणं साठतात, डोंगरावर किस्से. आमचा ग्रुप पाऊस नसेल त्या शनिवारी चालायला जातो, म्हणजे फारसा जात नाही. तरी किस्से इतके झालेत की चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "तो लिमयेकाकांचा सांग ना!"

लिमयेकाका छातीचे डॉक्टर, आता रिटायर्ड. मी त्यांच्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत. काकांना एकच नाद, कांचनजुंगा! जगातलं तिसरं उंच शिखर. कोण कुठल्या बाजूनं चढलं, कोण कुठून परत फिरलं, कुठलं ग्लेशियर कुठे वळतं, सगळं तोंडपाठ. शिखर मात्र त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

*

काका ज्युनियर डॉक्टरांना एक्स-रे शिकवायचे. एकदा एका फुप्फुसावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, हुबेहूब कांचनजुंगाचं झेमू ग्लेशियर!" समोरच्या मुलीनं ते निमूटपणे वहीत लिहून घेतलं.

पुढच्या राउंडला काकांनी तिलाच विचारलं, "डाव्या बाजूला काय दिसतंय?"

"झेमू, सर."

"करेक्ट," काका म्हणाले. "आता आजार सांग."

*

काका-काकू हनिमूनला दार्जिलिंगला गेले होते. तिथून कांचनजुंगा उत्तरेला दिसतं, निदान दिसायला हवं. रोज ढग! शेवटच्या पहाटे म्हणे ढग बाजूला झाले आणि शिखर दिसलं. कुंदाकाकूंना. काका झोपले होते.

"मग उठवायचं नाही का?" आम्ही विचारतो.

"नवीन लग्न होतं गं," काकू म्हणतात. "नावानं हाक मारायची सोय नव्हती. आणि 'अहो' म्हटल्यावर जाग येईल, अशी ह्यांची झोप नव्हती!"

तेव्हापासून काकांनी कांचनजुंगाचा विषय काढला की काकूंचं एकच वाक्य, "मी पाहिलंय." काका त्यावर नुसता चहा पितात.

*

ज्या ब्रिटिश टीमनं कांचनजुंगा पहिल्यांदा सर केलं, ती माथ्याच्या काही पावलं अलीकडेच थांबली. सिक्कीमच्या लोकांना तो माथा पवित्र, आणि तिथे पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला. काकांनी हा नियम वेल्सला लागू केलाय. पेन-अ-व्हॅन हा आमचा नेहमीचा डोंगर. त्याच्या माथ्यावर फोटोसाठी चक्क लाईन असते. काका मात्र चार पावलं अलीकडेच एका दगडावर बसून राहतात.

एकदा एका वेल्श बाईंना वाटलं, म्हातारबुवा दमले. "कम ऑन, लव्ह, यू आर नियरली देअर!"

"आय नो," काका म्हणाले. "दॅट्स व्हाय आय स्टॉप्ड."

बाईंनी ताबडतोब त्यांना फॉइलच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, हातात चॉकलेट दिलं आणि रेस्क्यूवाल्यांना फोन लावायला घेतला. तेवढ्यात काकू लाईनीत उभ्या राहून, माथ्यावर फोटो काढून परत आल्या.

"मी कोणालाही शब्द दिलेला नाही," त्या म्हणाल्या आणि अर्धं चॉकलेट त्यांनी खाल्लं.

*

आमच्या ग्रुपमधला समीर डोळ्यांचा सर्जन. त्याची इरा सात वर्षांची, जन्म कार्डिफचाच. पेन-अ-व्हॅनच्या खाली एक तळं आहे, तिथे काका तिला सांगत होते, "इथे पूर्वी ग्लेशियर होतं. ही सगळी दरी त्यानंच कोरली."

"मग आता कुठे गेली तो?"

"वितळलं."

इरानं विचार केला. "कौन्सिलला कोणी सांगितला नाही?"

"सांगितलंय," काका म्हणाले. "उत्तर यायचंय."

*

गेल्या वर्षी काकांना सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या. समीरनं तपासलं. एरवी सगळ्यांची टिंगल करणारा समीर आमच्यासमोर हळूच म्हणाला, "काका, जे पाहायचंय ते आता लवकर पाहून घ्या."

मला तर रडूच आलं.

त्याच संध्याकाळी काकूंनी तिकिटं काढली. चाळीस वर्षं "मी पाहिलंय, तुम्ही जा" म्हणणाऱ्या काकूंनी! त्यांची दोन, आणि मला न विचारता माझं एक.

"तू येत्येस," त्यांनी फोनवर सांगितलं. "बॅगा कोण उचलणार?"

*

सिक्कीममधलं पेलिंग. हॉटेलची गच्ची उत्तरेकडे. रोज पहाटे काका शाल आणि माकडटोपी घालून खुर्चीत बसायचे, आणि समोर नुसतं पांढरं. निघायची वेळ जवळ येत चालली तशी मी काकांकडे बघायचंच टाळायला लागले.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गच्चीत उभे होतो आणि ढग उघडले. आधी एक गुलाबी कडा, मग अख्खं शिखर. इतकं वर, की मी उगाचच खाली कुठेतरी शोधत होते!

समोर पाहिलं की काकांना मधोमध डाग दिसायचा, म्हणून ते मान तिरकी करून पाहत राहिले. एकाही ग्लेशियरचं नाव त्यांनी घेतलं नाही.

काकूही बराच वेळ पाहत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "अहो... तेव्हा आपल्या खोलीच्या खिडकीतून मी पाहिलं, ते हे नव्हतं."

काकांनी शिखरावरची नजर काढली नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "आपली खिडकी दक्षिणेला होती."