चाकणवरच्या ढगातली पंचवीस मिनिटं

घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पन्नासच्या दशकाची ती मधली वर्षं. मी नवा पायलट ऑफिसर होतो. पुण्याजवळच्या आमच्या तळावर मी इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगच्या कोर्ससाठी हजर झालो. माझं गाव चिखली. तळापासून सायकलने दीड तास. बाहेर काहीही दिसत नसताना केवळ समोरच्या काट्यांवर विमान चालवायचं, हे तिथे शिकायचं होतं.

आमचं सरावाचं क्षेत्र तळाच्या वायव्येला होतं. खाली इंद्रायणी, रेल्वेची रेघ, पिंपरीची निर्वासितांची छावणी, नाशिक रस्ता आणि त्या रस्त्यावर चाकण. आज कारखान्यांची छपरं पसरली आहेत तिथे तेव्हा बाजरी आणि कांदा होता.

माझे इन्स्ट्रक्टर फ्लाइट लेफ्टनंट दस्तगीर इनामदार. वय तीस-बत्तीस, अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजकं. ते मूळचे चाकणचे. त्यांच्या वडिलांचं तिथल्या पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ड्यूटीवर ते इंग्रजीत बोलत आणि मेसमध्ये माझ्याशी मराठीत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एका फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधली. खुर्ची सावकाश फिरवली.

"कुठल्या बाजूला फिरतोयस?"

"उजवीकडे, सर."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.

"आता थांबलोय, सर."

त्यांनी पट्टी काढली. खुर्ची उजवीकडे फिरतच होती. तोल सांभाळणारं यंत्र आपल्या कानात असतं. एका चालीने फिरत राहिलं की त्याला वाटतं, आपण स्थिर आहोत. जमिनीवर डोळे ती चूक सुधारतात. ढगात डोळ्यांना पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही.

"म्हणून पंखांचा कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज बघायचं, वेग बघायचा, उंची बघायची, आणि पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. "अंग काहीही सांगो. काटा सांगेल ते खरं."

एका रविवारी ते माझ्याबरोबर चिखलीला आले. वडिलांनी त्यांना भाकरी आणि पिठलं वाढलं आणि बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं विचारलं.

"साहेब, ढगात आमच्या पोराला कायबी दिसत न्हाई. मग हा इमान कशाच्या जोरावर चालवतो?"

"घड्याळांच्या, बाबा. समोर पाच-सहा घड्याळं असतात."

"आन घड्याळ खोटं बोललं तर?"

"एक खोटं बोलेल. बाकीची त्याला उघडं पाडतात."

"व्हय, म्हंजे साक्षीदार हायेत," वडील म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

पावसाळा निम्मा सरला होता. त्या दिवशी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही दोन आसनांच्या ट्रेनरमधून उड्डाण केलं. इनामदार पुढे, मी मागे. मागच्या कॉकपिटला आतून कॅनव्हासचं हूड असे. ते ओढलं की शिकणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नसे. पुढे बसलेला बाहेर लक्ष ठेवी. विमान एका वेळी एकाच्याच हातात असलं पाहिजे, म्हणून हस्तांतराचे शब्द ठरलेले होते. देणारा म्हणे, "यू हॅव कंट्रोल." घेणारा म्हणे, "आय हॅव कंट्रोल." एवढं झाल्याशिवाय विमान वळवण्याची काठी सोडायची नाही.

अर्धा तास नेहमीचा सराव झाला. वळणं, चढणं, उतरणं. आम्ही सहा हजार फुटांवर होतो. दोन छत्तीसला तळावरून रेडिओ आला.

"ट्रेनर थ्री, वेदर डिटीरिओरेटिंग. रिटर्न टू बेस."

"रॉजर," इनामदार म्हणाले. मग मला म्हणाले, "खाली सगळं बंद होत चाललंय. डावीकडे ढगात एक भोक आहे, त्यातून नदी दिसतेय. तिथून उतरू. आय हॅव कंट्रोल."

"यू हॅव कंट्रोल, सर."

मी हात मांडीवर ठेवले. हूड तसंच होतं. दुसरं बघायला काही नव्हतं म्हणून मी काट्यांकडेच बघत राहिलो. विमान डावीकडे कललं. ते बरोबर होतं, भोक डावीकडे होतं. मग हादरे बसू लागले, म्हणजे आम्ही ढगात शिरलो होतो. भोक मिटलं असणार. आता पंख सरळ व्हायला हवे होते.

ते झाले नाहीत. कल तीस अंशांवरून चाळीसवर गेला. वेग एकशे चाळीस नॉट, मग एकशे साठ. उंची पाच हजार दोनशे, पाच हजार, चार हजार आठशे. उंची मोजायची समुद्रसपाटीपासून; खालची जमीनच दोन हजार फुटांवर, आणि आसपासचे डोंगर तीन हजारांच्या वर.

मी गप्प राहिलो ते फार तर तीन-चार सेकंद. ते मला आजही लांबलचक वाटतात. पुढे माझे शिक्षक बसले होते. त्यांच्या हातात विमान असताना त्यांना चूक सांगण्याची माझी हिंमत होईना.

"सर, बँक लेफ्ट. फॉर्टी फाइव्ह. उंची जातेय."

कल तसाच राहिला.

"सर, आपण डावीकडे कललोय."

"मला आपण सरळ वाटतोय," ते म्हणाले. आवाज शांत होता, पण हळू. एक श्वास गेला. "नाही. माझं डोकं गरगरतंय. यू हॅव कंट्रोल."

"आय हॅव कंट्रोल."

थ्रॉटल मागे. पंख सरळ. पंख सरळ झाल्याशिवाय नाक वर घ्यायचं नाही, नाहीतर गिरकी आणखी आवळते. त्यांनीच शिकवलेलं. क्षितिजाची पट्टी आडवी झाली, मग काठी हलकेच मागे. उंची तीन हजार नऊशेवर थांबली आणि काटा वर सरकू लागला.

आता माझी पाळी होती. पंख सरळ होते आणि माझं सगळं अंग ओरडून सांगत होतं की आपण उजवीकडे पडतोय. मी इतका डावीकडे झुकलो की पट्टा खांद्यात रुतला. हात काठी डावीकडे नेऊ बघत होता. मी मोठ्याने आकडे म्हणायला लागलो. क्षितिज सरळ. वेग एकशे वीस. उंची चार हजार तीनशे. क्षितिज सरळ.

"म्हणत राहा," पुढून आवाज आला. "मी ऐकतोय."

सहा हजारांवर पोचल्यावर मी विचारलं, "सर, हूड काढू?"

"राहू दे. बाहेर बघण्यासारखं काही नाही."

मी होमरला बोलावलं. होमर म्हणजे तळावरचं स्टेशन. आपला रेडिओ ऐकून ते आपल्याला परतीची दिशा देतं.

"ट्रेनर थ्री, स्टिअर वन फाइव्ह फाइव्ह."

"वन फाइव्ह फाइव्ह."

तळाच्या डोक्यावर गेलो. मग होमरने सांगितलं तसं बाहेर जाणं, वळणं, पायरीपायरीने उतरणं. शेवटी इनामदार म्हणाले, "रनवे समोर. हूड काढ. लँडिंग तूच कर."

तीन वाजून एक मिनिटाने चाकं टेकली. इंजिन बंद केल्यावर ते पंखावर उभे राहिले आणि त्यांनी मला हात देऊन बाहेर काढलं. म्हणाले, "बोलायला उशीर केलास."

"हो, सर."

"पुढच्या वेळी करू नकोस." मग जरा थांबून, "पण बोललास."

ही गोष्ट आमच्या दोघांत राहू शकली असती. मी कोणाला सांगणार नव्हतो, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांनी फ्लाइट कमांडरांना स्वतःच्या अक्षरात रिपोर्ट दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगला आम्हा सगळ्यांसमोर ते फळ्यापाशी उभे राहिले.

"काल दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी खाली भोकाकडे मान वळवून बघत होतो," ते म्हणाले. "मान सरळ केली आणि मला भोवळ आली. काटे समोर होते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. मागे बसलेल्या पायलट ऑफिसर जाधवांनी ठेवला. प्रश्न आहेत?"

त्यांचं शिकवणं थांबवण्यात आलं. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाली आणि ते तीत पास झाले. त्या सहा आठवड्यांत ते रोज आमच्याबरोबर जेवायला बसत आणि नेहमीसारखंच थोडं बोलत. माझा कोर्स त्यांनीच पूर्ण करून घेतला.

पुढे त्यांची बदली ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रनमध्ये झाली. ईशान्येच्या डोंगरांतल्या चौक्यांना विमानातून रसद टाकण्याचं काम. दोन पावसाळे त्यांनी ते केलं. तिसऱ्यात एका सकाळी त्यांचं विमान परतलं नाही. अवशेष अकरा दिवसांनी एका कड्याखाली सापडले. विमानात चौघे होते. नेमकं काय झालं ते चौकशीतही कळलं नाही.

मी रजा घेऊन चाकणला गेलो. उस्मानचाचा, म्हणजे त्यांचे वडील, दुकानात होते. समोर एक सायकल उलटी ठेवलेली होती. मला पाहून त्यांनी हात फडक्याला पुसले आणि स्टूल पुढे केलं.

"बस बाबा. कागद आलाय. पण कागदात काय कळत न्हाई. तू त्याच्यातला हायेस, म्हणून इचारतो. त्याच्या हातनं काय चुकलं का?"

"माहीत नाही, चाचा. कोणालाच माहीत नाही."

मग मी त्यांना ती दुपार सांगितली, अगदी त्यांच्या दुकानावरच्या आभाळातली. भोवळ, गिरकी, रिपोर्ट, फळ्यासमोरचं बोलणं. यातलं काही मुलाने घरी सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांच्या म्होरं बोलला?"

"सगळ्यांच्या समोर."

त्यांनी मान हलवली. उलट्या सायकलचं चाक हाताने धरलं.

"त्याच्यासंगं आणखी कोण हुतं?" त्यांनी विचारलं. "तीन जण, असं कागदात हाय. नावं न्हाईत."

मला नावं ठाऊक होती. फ्लाइंग ऑफिसर मॅथ्यू, को-पायलट. फ्लाइंग ऑफिसर सोधी, नॅव्हिगेटर. सार्जंट घोरपडे, सिग्नलर.

"सावकाश सांग," चाचा म्हणाले.

मी पुन्हा सांगितली. ते एकेक नाव माझ्यामागून म्हणत गेले. मॅथ्यू. सोधी. घोरपडे. मग त्याच आवाजात, न थांबता, त्यांनी चौथं नाव घेतलं. दस्तगीर.