मडक्यातलं बी

बुआलाय माझी शेजारीण. थायलंडच्या ईशान्येला आमचा ईसान; तिथे खायला-विकायला तांबड्या मुंग्यांची अंडी काढावीत तर तिनेच. उन्हाळा लागला की लांब बांबूला टोपली बांधून ती आंब्यावरचं घरटं भोसकायची. अंडी टोपलीत, मुंग्या अंगावर. मी खालून ओरडायचे, "अगं, पाड की सगळं! वर काय लेकरं ठेवलीयस?"

"मूळ मोडू नये, केसॉन. पुढच्या वर्षी काय माझं डोकं खाशील?" अर्धं घरटं सोडून ती पुढच्या झाडाकडे वळायची. तिच्या आईने तिला एवढंच शिकवलं होतं, आणि त्यावर तिचा सगळा जन्म निभावला.

पुढे उसासाठी झाडं तोडली. झाड नाही तर घरटं नाही. तिची मुलगी फेंग तेव्हा बँकॉकला शिवणाच्या कारखान्यात होती. तिने परत येऊन परसात सिमेंटचे हौद बांधले आणि खाण्यासाठी विकायचे रातकिडे पाळले. ओल्या तुसाच्या वाडग्यांत माद्या अंडी घालत, ते वाडगे रिकाम्या हौदात ठेवले की पिल्लं फुटत. चार वर्षं मायलेकी एका ताटात जेवल्या. त्या घरातल्या किरकिरीने माझं डोकं उठायचं, पण बुआलायला त्याशिवाय झोप लागत नसे.

मग रोग आला. रातकिडे पाय ओढायला लागले, उताणे पडले, हौदांतून घाण सुटली. बुआलायच्या बहिणीच्या गावाहून अंड्यांचे वाडगे आणले, त्यातले किडेही मेले. फेंगने हात टेकले.

"आये, आता एकदाच. या खेपेला जगले नाहीत तर मी बँकॉकची गाडी धरते."

"जा म्हणतंय कोण तुला?" बुआलाय म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

आम्ही तिघींनी हौद घासले, चुना फासला, रातकिडे ज्यांत लपायचे ते जुने पुठ्ठे जाळले. माझी कंबर अजून दुखते. दूरच्या गावाहून वाडगे आले. पिल्लं फुटली, वाढली, पंख फुटून गायला लागली. बुआलाय तर हौदावर वाकून त्यांच्याशी बोलायची. मला वाटलं, सुटलो.

आणि एका सकाळी कोपऱ्यातला हौद गप्प झाला. चार दिवसांत सगळेच. फेंग वेड्यासारखी कारण शोधत फिरली. भाताच्या कोठाराखाली तिला किरकिर ऐकू आली. तिथे जाळी बांधलेलं मडकं होतं, आत चांगले गुबगुबीत रातकिडे.

"हे कुठले, आये?"

"गेल्या खेपेतले. सगळे मेले, हे तगले. बी असं असावं! नव्यांना पंख फुटल्यावर यातले थोडे त्यांच्यात सोडले मी. आपल्या घरचं मूळ राहायला नको?"

फेंग मटकन खाली बसली. "आये, रोग यांच्याच अंगात होता गं. यांना काही होत नाही, बाकीच्यांना होतो."

मला बुआलायचा असा संताप आला होता की तिला फाडून खावं. पण कोणत्या तोंडाने? भाताचं बी राखणारी आमच्यातली कोणतीही बाई हेच करती.

फेंग निघाली तेव्हा बुआलायने रिवाजाप्रमाणे तिच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. बांधताना म्हणायचं असतं, जीवा, लवकर घरी परत ये. तिने गाठ मारली, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. फेंगही थांबली नाही. गाडी गेली.

"ते मडकं आधी उकळत्या पाण्यात ओत," मी दरडावलं. "ते आहे तोवर तुझ्या दारात काही जगायचं नाही."

तिने चूल पेटवली, पाणी ठेवलं, मडकं उचलून आणलं. आत रातकिडे गायला लागले. ती मडकं मांडीवर घेऊन बसली. मी ओरडले, हात ओढला, शेवटी रडले. पाणी आटून गेलं.

मग ती उठली, भोपळ्याची फोड कापली आणि मडक्यात टाकली. तिच्या स्वतःच्या जेवणाच्या भाताची टोपली मात्र संध्याकाळपर्यंत तशीच झाकलेली होती.